माळा, परण आणि उटणे
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात केलेले भाषण)



सुट्टी लागली की आपल्यातील कित्येक कुटुंबे हल्ली चेन्नईहून वायनाडकडे धाव घेतात आणि परतल्यावर एकच वर्णन ऐकवतात: उंच झाडावर बांधलेली खोली, खाली रान, आणि ‘स्पा’ नामक दालनात अंगाला चोळलेले दूध, तांदूळ, मध, हळद. हे वर्णन ऐकून घरच्या आजीबाई गालातल्या गालात हसतात. त्यांच्या त्या हसण्याविषयी आज मी थोडे बोलणार आहे.

झाडावर राहणे ही काही सुखवस्तूंनी काढलेली युक्ती नव्हे. ज्वारी हुरड्यात आली की देशावर शेतात मेढी रोवून माळा उभारीत आणि राखणदार त्यावरून गोफण फिरवी. तमिळनाडूत त्याच माळ्याला ‘परण’ म्हणतात आणि गोफणीला ‘कवण’. मुरुगनाची वल्ली ही राळ्याच्या शेतावर परणावरून पोपट हाकणारी डोंगरकन्या! (आपला कार्तिकेय ब्रह्मचारी, इकडचा मात्र दोन पत्नींचा संसारी; हा वाद आपण येथे मिटवू नये हेच बरे.) केरळात हत्तींवर नजर ठेवण्यासाठी झाडावर ‘एरुमाडम’ बांधीत. वायनाडातील काही वृक्षगृहे पणिय आदिवासींच्या हातच्या कसबातून उभी राहिली आहेत, हे तेथे राहून आलेल्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल? केनियात १९३२ साली ‘ट्रीटॉप्स’ हे झाडावरचे विश्रामगृह निघाले. १९५२ च्या फेब्रुवारीत राजकन्या एलिझाबेथ तेथे असतानाच तिचे वडील निवर्तले आणि ती राणी झाली. तेव्हापासून या कल्पनेला राजवैभवाचा वास चिकटला. राखणदार खाली उतरला आणि पाहुणा वर चढला, एवढाच काय तो फरक.

परंतु खरा विषय खाली, न्हाणीघरात आहे. डाळीचे पीठ, साय, हळद, वाळा, नागरमोथा, चंदन: आपल्या उटण्याचे निम्मे सामान स्वयंपाकघरातून येते, निम्मे काष्ठौषधींच्या दुकानातून. चेन्नईत ते मिळत नाही, ही तक्रार मला पटत नाही. कोणत्याही ‘नाट्टु मरुंदु’ दुकानात वाळ्याला ‘वेट्टिवेर’ म्हणावे, नागरमोथ्याला ‘कोरै किळंगु’. दुकानदार पुडी बांधून देतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण कारीट फोडतो. त्याच पहाटे शेजारचे तमिळ कुटुंब तिळाचे तेल मिरी-जिऱ्यासह कोमट करून डोक्यावर घालते, शिकेकाईने न्हाते, आणि भेटणाऱ्यास ‘गंगास्नान झाले का?’ असे विचारते. त्यानंतर आले, मिरी, ओवा, गूळ आणि तूप यांचा लेह चाटवतात. फराळाच्या मारापुढे पोटाची तजवीज आधीच! वैद्याला देण्याचे पैसे तेल्याला द्यावेत, अशी इकडे म्हणच आहे. वाग्भटाने अभ्यंग नित्य करावयास सांगितले, विशेषतः मस्तक, कान आणि पाय यांना. केरळी वैद्य नवरा जातीचा तांदूळ दुधात व बलामुळाच्या काढ्यात शिजवून, त्याच्या पुरचुंड्यांनी रोग्याचे अंग शेकतात. पंचतारांकित दरपत्रकात आज जे नवलाईचे म्हणून छापले जाते, त्यातले बरेचसे येथून गेले आहे.

आणि या प्रांती आपला एक वडीलधारी वारसा आहे. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे यांनी १७९८ ते १८३२ या कारकिर्दीत धन्वंतरी महालात वैद्यकाचे प्रयोग करविले, अनुभविलेले उपचार ग्रंथनिविष्ट केले; आणि त्यांच्याच दरबारी ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ मराठीत लिहिले गेले. चूल आणि औषधाचा खल एकाच राजाश्रयाखाली नांदले. दक्षिणेतील मराठी माणसाला हे सांगावे लागू नये, पण लागते.

मी सुट्टीच्या विरुद्ध नाही. पानांतून येणारा वारा अंगावर घ्यावा, त्यासाठी ऐपत असल्यास पैसेही मोजावेत. पैसे नसल्यास अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीतील वडाकडे पाहावे. १९८९ च्या वादळात त्याचे मूळ खोड कोसळले, तरी पारंब्यांवर तो उभा आहे. मला खुपते ते निराळेच. आपल्या मंडळात अशी घरे आता पुष्कळ आहेत जेथे मुले सातासमुद्रापार आहेत आणि दोघे वृद्ध येथे. त्यांच्या पाठीला तेल लावणारा हात घरात उरलेला नाही. पाठीला आपला हात पोहोचत नाही, ही साधी गोष्ट आहे. पण दिवाळीच्या पहाटे ती फार मोठी होते. मुले तिकडून वृक्षगृहाचे आरक्षण करून पाठवतात. त्यांचे प्रेम खोटे नाही. मात्र गुडघे धरलेल्या आईला झाडावरची शिडी कशी चढावी, हा प्रश्न आरक्षण करताना कोणाला पडत नाही.

म्हणून कार्यकारिणीपुढे माझ्या दोन विनंत्या आहेत. घरोघरच्या जुन्या वह्यांतील उटण्याच्या, बाळंतिणीच्या तेलाच्या आणि लेपांच्या कृती, प्रमाणांसह, मंडळाच्या ग्रंथालयासाठी उतरवून घ्याव्यात. ज्या आजीबाई हसतात, त्यांच्यापासूनच आरंभ करावा. आणि येत्या नरकचतुर्दशीला तरुण सभासदांनी दोघा-दोघांच्या जोड्या करून एकट्या ज्येष्ठांच्या घरी पहाटे जावे. २०१९ च्या उन्हाळ्यात या शहराची तळी आटली तेव्हा आपण सर्वांनी पाणी मोजून वापरले आहे. अभ्यंगस्नानाला एक बादली पुरते. तेल कोमट असावे, आणि निघण्यापूर्वी न्हाणीघराची फरशी घासून कोरडी करावी, कारण तेलावर पाय घसरतो. नावे नोंदविण्याची वही बाहेर चिटणिसांच्या टेबलावर ठेवली आहे.