प्राप्तिस्थानाचा रकाना

संग्रहालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांनो, पदवीबद्दल अभिनंदन. ते आज दिवसभर मिळेलच, म्हणून मी आवरतं घेतो.

मी ग्वाल्हेरहून आलो. दर्पण कॉलनीतले शेजारी अजून विचारतात, "काका, आप अजायबघर में करते क्या थे?" मी सांगतो, पाट्या लिहायचो. टाकायचो नाही, लिहायचो. हा विनोद तिकडे मराठी घरांतच कळतो.

आमच्या काळी कुणी हिशेबात घोळ घातला की शिक्षा म्हणून त्याला संग्रहालयात धाडत. पाहुणे येणार म्हटलं की दिव्यांना, गालिच्याला पैसे निघत. नोंदवहीच्या बांधणीला मात्र कधीच नाहीत. याचा राग मला अजून आहे, आणि तो जावा अशी इच्छाही नाही.

ग्वाल्हेरला शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यात लोक साडेतीन-साडेतीन टनांची झुंबरं बघतात, छत तोलेल का म्हणून वर हत्ती चढवल्याची गोष्ट ऐकतात. मग जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी. ब्रँडी-सिगार घेऊन ती पाहुण्यांपुढे फिरायची. सगळे हसतात, फोटो काढतात. मला त्या रुळांवर आपला वाढपी दिसतो, पंक्तीत वाकून आग्रह करणारा. त्याची जागा गाडीनं घेतली. मराठा दरबार साहेबाच्या टेबलाशी कसा जाऊन बसला, हे त्या खेळण्याइतकं स्पष्ट मला कुठल्या कागदात सापडलं नाही.

किल्ल्याच्या पायथ्याशी गूजरी महाल आहे, मानसिंह तोमरानं मृगनयनीसाठी बांधलेला. 1920 साली मो. ब. गर्दे यांच्या देखरेखीखाली तिथं संस्थानाचं संग्रहालय उभं राहिलं. तिथली शालभंजिका, एक दगडी स्त्रीमूर्ती, कुलुपात असते. हात नाहीत, पाय नाहीत, तरी ती 'ग्यारसपूरची' आहे. गावाचं नाव टिकलं म्हणून तिच्यामागे देऊळ उभं करता येतं. ते पुसलं असतं, तर उरली असती नुसती एक सुंदर बाई.

आता माझी चूक सांगतो. कुठल्या संग्रहालयातली, ते राहू द्या. पितळेची एक झाकणाची गोल डबी होती. मी पाटी लिहिली: 'दागिन्यांची डबी'. अकरा वर्षं ती तशीच होती. एकदा नऊवारीतल्या एक आजी काचेपाशी थबकल्या. म्हणाल्या, "अहो, दागिने कसले? हे संपुष्ट आहे. प्रवासात देव यात ठेवायचे. आमचे देव असेच देशावरून इकडे आले."

शिंद्यांच्या फौजेमागून किती घरं उत्तरेत आली, हे मी भाषणांतून सांगत होतो आणि त्यातल्याच एका घराचे देव ज्यातून आले, तशीच वस्तू माझ्यासमोर चुकीच्या नावानं पडून होती. मी धावत जाऊन नोंदवही काढली. कुणाकडून, कुठल्या गावाहून? 'देणगी', एवढंच. लिहिणाऱ्यानं वेळ वाचवला होता.

म्हणून हात जोडून सांगतो, दालन नंतर सजवा, आधी लिहा. वस्तू देणारा समोर बसलाय तोवर त्याला चहा पाजा, गाव विचारा, आजी घरात त्या वस्तूला काय म्हणायची ते विचारा. तो उठून गेला की पुन्हा येत नाही.

पाटी मी त्याच दिवशी बदलली. त्या संपुष्टाच्या नोंदीत 'प्राप्तिस्थान' या रकान्यात आजही आडवी रेघ आहे.