खेळण्यातील रेल्वे आणि कडेचा करार

इंग्लंडमधील स्विंडन हे शहर रेल्वेने घडविले. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा प्रचंड कारखाना तेथे १८४३ साली सुरू झाला आणि १९८६ मध्ये बंद पडला. त्याच कारखान्याच्या एका जुन्या इमारतीत २००० साली रेल्वेचे संग्रहालय उघडण्यात आले. ह्या संग्रहालयात शरद ऋतूतील एका शनिवार-रविवारी, प्लॅस्टिकच्या छोट्या विटांनी उभारलेल्या कलाकृतींचे प्रदर्शन अनेक वर्षे भरत आलेले आहे. जेथे एके काळी टनावारी वजनाची इंजिने घडत, तेथे हातात मावणारी इंजिने धावताना पाहावयास मुले येतात. आणि मुलांचे निमित्त करून त्यांचे आईबापही येतात.

अशा प्रदर्शनांत विटांच्या रेल्वेची जी विस्तीर्ण मांडणी दिसते, ती पाहून कोणालाही वाटावे की ही एकाच कल्पक माणसाची करणी आहे. एका बाजूस स्टेशन, फलाटावर ताटकळणारे उतारू, पलीकडे नदीवरचा पूल, मग डोंगर, बोगदा, शेते, गाव. आणि ह्या सर्वांमधून अखंड धावणारी गाडी. परंतु बहुधा ह्या देखाव्याचा कर्ता एक नसतो. दहा-वीस हौशी माणसे आपापल्या घरी एकेक तुकडा महिनोन्‌महिने रचीत बसलेली असतात. स्टेशन एकाचे, पूल दुसऱ्याचे, डोंगर तिसऱ्याचा. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी हे तुकडे खोक्यांतून येतात, मेजांवर ओळीने मांडले जातात, एकमेकांस जोडले जातात आणि काही तासांत त्यांवरून गाडी सुरू होते. ह्या तुकड्यांना तिकडे 'मॉड्यूल' म्हणतात. आपण त्यांना 'खंड' म्हणू. निरनिराळ्या घरांत तयार झालेले हे खंड एका दिवसात कसे जुळतात, हा प्रश्न वरवर पाहता खेळण्याचा असला तरी त्यात पुष्कळच अर्थ भरलेला आहे.

ग्वाल्हेरच्या श्रोत्यांना जयविलास राजवाड्यातील चांदीची आगगाडी ठाऊक असेल. भोजनाच्या मेजावरील रुळांवरून ती मद्य व चिरूट घेऊन पाहुण्यांपुढे फिरत असे. मेज एक, रूळ एक, मालक एक! तेथे कोणाशी करार करण्याचे कारणच नव्हते. स्विंडनसारख्या प्रदर्शनातील रेल्वेचे मालक मात्र अनेक असतात, आणि म्हणून तिचा पाया करारावर उभा असतो.

प्रथम विटेचा विचार करू. डेन्मार्कमधील बिलुंड गावच्या ओले कर्क क्रिस्टियान्सन नावाच्या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी करण्यास प्रारंभ केला. 'छान खेळा' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून त्याने आपल्या उद्योगास 'लेगो' हे नाव दिले. आज जगभर दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटेच्या एकस्वासाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज करण्यात आला. ह्या विटेच्या माथ्यावर गुंड्या असतात व पोटात पोकळ नळ्या असतात. खालच्या विटेच्या गुंड्या वरच्या विटेच्या नळ्यांमध्ये व भिंतींमध्ये घट्ट बसतात, तरीही लहान मुलाला त्या ओढून सोडविता येतात. दोन गुंड्यांच्या मध्यबिंदूंमधील अंतर ८ मिलिमीटर, आणि गुंडी सोडून विटेची उंची ९.६ मिलिमीटर. ही मापे तेव्हापासून बदललेली नाहीत. म्हणून १९५८ मधील वीट आज घडविलेल्या विटेवर बसते. साच्यांतील अचूकता मिलिमीटरच्या शतांशाहूनही सूक्ष्म राखली जाते, ती ह्याचसाठी.

ह्या विटांची विजेरीवर चालणारी पहिली आगगाडी १९६६ मध्ये आली. तिच्या दोन रुळांमधील अंतर सुमारे साडेसदतीस मिलिमीटर होते, आणि मुख्य गाड्यांचे ते माप आजतागायत तेच आहे. रुळाचा सरळ तुकडा १६ गुंड्यांचा, म्हणजे १२८ मिलिमीटर लांबीचा असतो. वळणाच्या नेहमीच्या तुकड्याची त्रिज्या ४० गुंड्यांची, म्हणजे ३२० मिलिमीटर असते, आणि असे १६ तुकडे जोडले की वर्तुळ पुरे होते. सांध्यापाशी रूळ फुटून दुसरा समांतर मार्ग निघतो, तेव्हा दोन्ही मार्गांच्या मध्यरेषांमध्ये १६ गुंड्यांचे अंतर पडते. सगळा व्यवहार आठांच्या पाढ्यात बसविलेला आहे.

खंडांचा करार ह्या पाढ्यावरच आधारलेला असतो. ३२ गुंड्यांच्या पायापट्टीवर, म्हणजे २५६ मिलिमीटरमध्ये, रुळाचे दोन सरळ तुकडे बरोबर मावतात. मंडळागणिक आकडे निराळे असले तरी कराराची कलमे सामान्यतः सारखीच आढळतात. मेजाची उंची अमुक असावी. मेजापासून रुळाची उंची अमुक असावी. खंडाच्या पुढच्या कडेपासून रूळ इतक्या गुंड्या आत असावा. दोन मार्गांमधील अंतर ठरलेले असावे. रूळ खंडाच्या सीमेवर नेमका संपावा, तसूभरही आत नको वा बाहेर नको. जोडणीच्या खुंट्यांसाठी कडेच्या विटांतील छिद्रे ठरल्या जागीच असावीत. काही मंडळे खडीचा रंगसुद्धा ठरवून देतात, कारण २००४ च्या सुमारास ह्या विटांची करडी छटा बदलली, आणि जुनी व नवी खडी शेजारी आली की जोड डोळ्यांत खुपतो.

ही सर्व कलमे कडेविषयी आहेत, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आत काय असावे, ह्याविषयी करार जवळजवळ मौनच पाळतो. एकाने बर्फाच्छादित डोंगर करावा, दुसऱ्याने बंदर करावे, तिसऱ्याने कोणी कधी न पाहिलेले चंद्रावरचे स्टेशन उभारावे. कडा जुळल्या की सगळे शेजारी होतात. आत मोकळीक आणि कडेला शिस्त, एवढेच ह्या कलेचे रहस्य आहे.

कडेची शिस्त मोडली तर काय होते? समजा, एकाने आपला खंड ३२ ऐवजी ३० गुंड्यांचा केला. त्याच्या घरी तो उत्तमच दिसेल. परंतु वेटोळे पुरे व्हावयाचे तर समोरासमोरच्या बाजू सारख्या लांबीच्या हव्यात. येथे दोन गुंड्या कमी पडल्या, म्हणजे १६ मिलिमीटरची फट राहिली. रूळ प्लॅस्टिकचे असल्यामुळे थोडे ताणून ती फट झाकता येते; पण ताण नाहीसा होत नाही, तो पुढे सरकतो. मग चार खंडांपलीकडे, एखाद्या निरपराध माणसाच्या पुलावर, सांधा उकलतो आणि गाडी कोसळते. चूक एकाची आणि अपघात दुसऱ्याच्या दारी!

बोगद्याचीही तीच कथा. आपला बोगदा बुटका असला तरी आपली गाडी त्यातून जाते, एवढ्यावर समाधान मानून चालत नाही. शेजाऱ्याची गाडी अधिक उंच वा अधिक रुंद असते. बाजारात मिळणाऱ्या गाड्या बहुधा सहा गुंड्या रुंद असतात, तर हौशी कारागीर पुष्कळदा आठ गुंड्या रुंद गाड्या बांधतात. लांब डब्याचा मधला भाग वळणावर आतल्या बाजूस झुकतो व टोके बाहेर येतात. ह्यासाठी जाणती मंडळे प्रदर्शन उघडण्यापूर्वी ठरलेल्या कमाल मापाचा एक चाचणीचा डबा सर्व मार्गावरून हाताने फिरवून आणतात. तो जेथे अडेल तेथे कमान उंचवावी लागते किंवा झाड मागे सरकवावे लागते. महिनाभर खपून केलेली कमान शेवटच्या रात्री उकलणे कोणालाही गोड वाटत नाही. पण दुसऱ्याची गाडी आपल्या अंगणातून सुखरूप जावी, ही जबाबदारी खंड आणणाऱ्याने पत्करलेली असते.

इतके करूनही अडचणी उरतातच. सभागृहाची जमीन समतल नसते, म्हणून मेजांच्या पायांखाली पाचरी घालाव्या लागतात. १९९१ पासून २००७ पर्यंत निघालेल्या ९ व्होल्टच्या गाड्यांना धातूच्या रुळांतून वीज मिळे, आणि त्या गाड्या अजूनही प्रदर्शनांत धावतात. लांब मार्गावर प्रत्येक जोडापाशी थोडा दाब कमी होतो, म्हणून निरनिराळ्या ठिकाणी वीज पुरवावी लागते आणि रुळांवरील धूळ पुन्हापुन्हा पुसावी लागते. विजेरी गाडीतच असेल तर रुळांची ही कटकट मिटते, परंतु गाडीचे वजन वाढते व विजेरी दर काही वेळाने बदलावी लागते. वळणावर बाहेरचा रूळ आतल्याहून लांब असतो. वर्तुळ लहान असो की मोठे, एका पूर्ण फेरीत हा फरक सुमारे २४ सेंटिमीटर भरतो. एकाच आसावरील दोन्ही चाके बरोबर फिरत असल्याने तेथे घर्षण वाढते. गाडी फार लांब असेल तर इंजिनाची ओढ हलक्या वाघिणींना आतल्या बाजूस खेचून पाडते, म्हणून जड डबे पुढे व हलके मागे लावतात.

आता पुन्हा स्विंडनकडे वळू. खेळण्यातील हा धडा ज्या छपराखाली गिरविला जातो, त्या छपराला तो फार महागात पडला होता. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा अभियंता इझंबार्ड किंग्डम ब्रुनेल ह्याने आपल्या रुळांमध्ये सात फुटांहून किंचित अधिक अंतर ठेविले. इतर बहुतेक कंपन्यांचे माप ४ फूट साडेआठ इंच होते. १८४४ पासून ग्लॉस्टर येथे ही दोन मापे समोरासमोर आली आणि तेथे सर्व माल एका गाडीतून उतरवून दुसरीत भरण्याची पाळी आली. सरकारने चौकशी मंडळ नेमले. त्याने घेतलेल्या चाचण्यांत ब्रुनेलच्या रुंद मार्गाची इंजिने वेगात सरस ठरली. तरीही निकाल त्याच्याविरुद्ध गेला, कारण रुंद मार्ग सुमारे २७४ मैलच होता व अरुंद मार्ग सुमारे १,९०० मैल पसरला होता. १८४६ च्या कायद्याने नव्या मार्गांसाठी अरुंद माप नेमून दिले. अखेर मे १८९२ मध्ये चार हजारांहून अधिक कामगारांनी एका शनिवार-रविवारात शेवटचे १७१ मैल रूळ सरकविले. निरुपयोगी झालेली रुंद मापाची इंजिने व डबे स्विंडनलाच आणून उभे करण्यात आले.

आपल्याकडेही ही गोष्ट अपरिचित नाही. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली उतारू गाडी १८५३ मध्ये १६७६ मिलिमीटरच्या रुंद मार्गावरून धावली. गायकवाडांनी १८६२ मध्ये डभोई ते मियागाम हा ७६२ मिलिमीटरचा मार्ग केला. त्यावरील डबे प्रारंभी बैल ओढीत. ग्वाल्हेर संस्थानाने ६१० मिलिमीटरचे माप पसंत केले. बेळगाव व गोव्याकडे मीटरमापी मार्ग होता. १९७१ मध्ये पुणे-मिरज मार्ग रुंदमापी झाल्यानंतर पुढे अनेक वर्षे मिरजेस बोचकी-ट्रंका घेऊन गाडी बदलणारे उतारू कित्येक श्रोत्यांना आठवत असतील. सर्वत्र एकच माप आणण्याचे मोठे काम १९९२ पासून हाती घेण्यात आले. प्रत्येक माप आपापल्या जागी शहाणपणाचेच होते. फक्त त्याच्या कडेपाशी दुसऱ्याचा विचार झालेला नव्हता.

तथापि कराराची पूजा करणेही बरे नव्हे. ३२० मिलिमीटर त्रिज्येचे वळण हे मुलांच्या दिवाणखान्यासाठी योजिलेले आहे. आठ गुंड्या रुंदीचे भव्य इंजिन त्यावर अवघडल्यासारखे दिसते. म्हणून अनेक मंडळे अधिक मोठ्या त्रिज्येची वळणे वापरू लागली आहेत. मग जुन्या खंडांचे काय करावे? ह्यावरील तोड मोठी समजूतदारपणाची आहे. एका कडेस जुने माप व दुसऱ्या कडेस नवे माप असा एक मधला खंड तयार करतात. दुभाषी जसा दोन्ही भाषा जाणतो, तसा हा खंड दोन्ही करार जाणतो. जुने मोडावे लागत नाही आणि नव्याची वाटही अडत नाही. ग्लॉस्टरच्या फलाटावर हमालांनी जे काम पाठीवर वाहिले, ते येथे एक हातभर तुकडा करून टाकतो.

रविवारी सायंकाळी प्रदर्शनाची दारे लागतात. खुंट्या निघतात, रूळ सुटतात, आणि दिवाळीनंतर अंगणातला किल्ला उतरावा तशी ती सारी सृष्टी खोक्यांत जाऊन बसते. ज्या वेटोळ्यावरून गाड्या दोन दिवस फिरल्या, ते कोणाच्याही घरी जात नाही. प्रत्येकाच्या घरी जातो तो आपापला खंड. पुढच्या प्रदर्शनात तो कदाचित निराळ्याच शेजाऱ्याला जोडला जाईल. हा शेजारी कोण असेल हे त्याच्या कर्त्याला आज ठाऊक नसते, आणि तरीसुद्धा तो आपला रूळ ठरल्या उंचीवर व ठरल्या जागी आणून सोडतो. अजून भेट न झालेल्या माणसासाठी आपली कड नीट राखणे, ही शिकवण मुलांच्या खेळण्यातून मिळाली म्हणून तिचे मोल कमी होत नाही.