मेथी, मका आणि लॉनचे औषध

आज वनस्पतींच्या वर्गवारीविषयी बोलूया. शाळेतला धडा आठवून रेडिओ बंद करू नका, कारण यात तुमच्या परसातल्या मेथीचा जीव गुंतलेला आहे.

आमच्या कन्सल्टिंगच्या धंद्यात मोठी यादी हातात आली की आधी प्रश्न ठरवतात. वनस्पतींना चार प्रश्न विचारा. पहिला, पाणी वर नेणाऱ्या नळ्या आहेत का? नसतील तर ते मॉस, इथल्या ओल्या भिंतींवरची हिरवी मखमल. दुसरा, बी येते का? नळ्या आहेत पण बी नाही, ते नेचे. तिसरा, बी फळात झाकलेले असते का? उघडे असेल तर पाइन, सायकस. झाकलेले असेल तर फुलझाडे. यांच्या सुमारे ३ लाख जाती आहेत.

चौथा प्रश्न आपल्या डब्यातलाच. बीला दले किती? तूर, हरभरा भरडले की दोन डाळी सुटतात, ते द्विदल. चातुर्मासात कार्तिकभर द्विदल वर्ज्य करणाऱ्या आज्यांना हा शब्द तोंडपाठ होता. तांदूळ, गहू, ज्वारीची डाळ होत नाही, ते एकदल. केळ, हळद आणि लॉनचे गवतही एकदलच.

आता मुद्दा. लॉनवरची बरीच तणनाशके रुंद पानांच्या द्विदल तणांना मारतात आणि गवताला सोडतात. त्यांतली काही गवतात महिनोन्‌महिने टिकतात. असे कापलेले गवत कंपोस्टात टाकले, किंवा तसा चारा खाल्लेल्या घोड्याचे खत वाफ्यात घातले, तर मेथी, घेवडा, टोमॅटो आकसतात. २००८ साली ब्रिटनमध्ये अनेकांच्या अलॉटमेंटमधले टोमॅटो, बटाटे आणि शेंगभाज्या अशाच खतामुळे वाया गेल्या.

म्हणून औषध मारल्यावर कापलेल्या गवताचे काय करायचे, ते बाटलीवर वाचा. खत विकत आणलेत तर आधी कुंडीत मातीत मिसळून घेवड्याचे चार दाणे लावा. शेजारी साध्या मातीत आणखी चार. तीन-चार आठवड्यांत खताच्या कुंडीतलीच पाने वळली, तर ते खत वाफ्यात नको. ही परीक्षा मक्यावर मात्र घेऊ नका. मका एकदल, तो खुशाल उगवेल आणि तुम्ही फसाल.

वाफे तयार करण्याआधी एवढे कराच.