एक्कावन्नावं पुस्तक



दुबई-शारजातल्या मराठी घरातल्या शाळकरी पोराचा दिवस तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. उजाडायच्या आत उठायचं, डोळे चोळत बिल्डिंगखाली बसची वाट बघायची, दुपारी घरी येऊन कसंबसं जेवायचं, की लगेच अबॅकस, ऑलिंपियाडचा क्लास, पोहणं आणि मग गृहपाठ. इथे आपली मुलं खासगी शाळेतच जातात आणि फी काही थोडीथोडकी नसते. एवढे दिरहम मोजल्यावर ते वसूल व्हावेत असं आईबापाला वाटलं, तर त्यात गैर काही नाही. गैर होतं ते पुढे. दुबईत २००८ मध्ये खासगी शाळांची तपासणी सुरू झाली, शाळांना शेरे मिळाले आणि शाळा निवडताना आपण ते बघतो. तीच शेऱ्यांची सवय मग घरात शिरते. "नव्वदच्या वर गेलास तर आयपॅड!"

अशा बोलीचा परिणाम काय होतो, हे अमेरिकेतल्या एका प्रयोगाने दाखवलं. तो १९७३ साली प्रसिद्ध झाला. मार्क लेपर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी बालवाडीतली अशी मुलं निवडली, ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडायचं. काही मुलांना आधीच सांगितलं, की चित्र काढलं तर छानसं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते काही न सांगता, चित्र झाल्यावर दिलं. काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा स्केचपेन मांडून ठेवले आणि कोण किती वेळ रमतं ते पाहिलं. प्रशस्तिपत्राच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं बाकीच्यांच्या जेमतेम निम्मा वेळ तिथे थांबली. ज्यांना ते अचानक मिळालं होतं, त्यांच्या आवडीला मात्र धक्का लागला नव्हता. म्हणजे बक्षिसापेक्षा आधी केलेला सौदा नडतो.

आपल्या अमिरातीतच शेख मोहम्मद बिन रशीद यांनी २०१५ मध्ये अरब वाचन स्पर्धा सुरू केली. वर्षभरात ५० पुस्तकं वाचायची आणि बक्षिसं घसघशीत. मी त्याच्या विरोधात मुळीच नाही. ज्या मुलाच्या हाती अवांतर पुस्तक कधी आलंच नाही, त्याला पहिली गोडी बक्षिसाने लागली तरी चालेल. पण पन्नासावं संपल्यावर एक्कावन्नावं पुस्तक ते मूल आपणहून उचलतं का, हे घरच्यांनी बघायला हवं. ते कुणी मोजणार नसतं.

मुलाचा कल कशात आहे, हे विचारायला लोक समुपदेशकाकडे जातात. जावं, पण आधी घरात बघावं. कुणी सांगितलं नसताना पोर काय करतं? आमच्या शेजारच्या तिसरीतल्या मुलाने बाल्कनीतल्या एसीच्या नळीखाली पाण्याची रिकामी बाटली लावली. रोज संध्याकाळी पाणी कुठवर आलं, तिथे मार्करने रेघ मारायची, बाजूला वार लिहायचा. कधी तासाभरात बाटली भरून वाहायची, कधी तळ जेमतेम झाकला जायचा. वडील मोबाइलवर उत्तर शोधायला निघाले होते, आईने त्यांना गप्प बसवलं. (स्पेलिंग टेस्टचा अभ्यास राहिला म्हणून धुसफूस तिचीही चालूच होती!) काही दिवसांनी त्यानेच येऊन सांगितलं, की बाल्कनीची काच बाहेरून ओली असते त्या दिवशी बाटली लवकर भरते. हवेतल्या बाष्पाचा धडा शाळेत यायला अजून अवकाश होता.

अशा मुलांसाठी शाळा कशी असावी, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आपल्याकडे महाराष्ट्रात कधीच करून दाखवलंय. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांचं काम सुरू झालं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीची साधनं महाग, म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं यांवर मुलांना मोजायला, लावायला, ओळखायला शिकवलं. आदिवासी मुलं गुरं राखायला जात, शाळेत येईनात, तर बाईंनी शाळाच कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. शिंपले आपल्याला ममझरच्या किनाऱ्यावर मिळतात, खजुराच्या बिया तर प्रत्येक घरात. थंडीत रास अल खोरला रोहित पक्ष्यांचे थवेच्या थवे उतरतात. बोर्डीच्या मुलांपाशी नव्हतं असं पुष्कळ काही आपल्या मुलांपाशी आहे. रिकामा वेळ तेवढा आपण त्यांना ठेवलेला नाही.

जुलैमध्ये शाळांना सुट्टी लागेल, महागडी तिकिटं काढून आपण गावी जाऊ. तिथे भातलावणी चालू असेल. पोरांना चिखलात उतरू द्या. सुट्टीचा गृहपाठ ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातही होतो, दरवर्षी आपण तो तेव्हाच करून घेतो! आणि परत आल्यावर एक करा. शारजात शुक्रवारी सुट्टीच असते, दुबईत शाळा लवकर सुटते. ती शुक्रवारची दुपार कुठल्याही क्लासला देऊ नका, आणि संध्याकाळी "आज काय शिकलास?" असंही विचारू नका. त्याला सांगायचं असेल तर तो सांगेल, तेव्हा हातातला मोबाइल बाजूला ठेवा.