शाल आधी उलटून बघा

पाहुणे आले की आमच्या संभाजीनगरात एक प्रश्न ठरलेला असतो: "वेरूळ झालं, मकबरा झाला, आता इथून न्यायचं काय?" आज त्याचंच उत्तर.

आधी माझी फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी बहिणीसाठी इथल्याच एका दुकानातून 'अस्सल हिमरू' म्हणून शाल घेतली आणि पुण्याला तिच्या घरी घेऊन गेलो. तिच्या सासूबाई मूळच्या पैठणच्या. त्यांनी शाल उलटी केली नि हळूच म्हणाल्या, "अहो, ही छापील आहे." स्वतःच्या गावात फसलो ना मी!

तेव्हापासून सवयच लागली. कापड आधी उलटून बघायचं.

हिमरूचा ताणा सुताचा, बाणा रेशमाचा. हल्ली बहुतेक कृत्रिम रेशमाचा. किनखाबासारखं दिसणारं, पण परवडणारं असं हे कापड. नक्षीचे जादाचे धागे मागच्या बाजूला मोकळे दिसतात. मागची बाजू कोरी असेल तर छपाई समजा.

पैठणीचं नेमकं उलटं. पारंपरिक हातमागाच्या पैठणीत पदरावरचा मोर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. मागे कापलेले धागे लोंबत असतील तर ते विणकाम वेगळं. आणि किंमतही वेगळीच हवी!

आता एक सावधगिरी. मोकळे धागे दिसले म्हणजे हातमागच, असं नाही. यंत्रमागावरही हिमरूची नक्षी काढता येते. म्हणून जिथे माग चालू आहे तिथूनच घ्या. हिमरूसाठी शहरात जफर गेटच्या बाजूला चौकशी करा. पैठणीसाठी पैठण गाठा, पन्नासेक किलोमीटर. "माग दाखवता का?" असं बिनधास्त विचारा. आणि बिलावर 'हातमाग' लिहून घ्या.

मंडळी, हे गाव एकेकाळी राजधानीचं. मलिक अंबरनं १६१० मध्ये वसवलेलं खडकी, पुढे औरंगजेबाचं दख्खनमधलं ठाणं. दरबार होता तोवर विणकराला गिऱ्हाईक होतं. दरबार गेले, आता गिऱ्हाईक तुम्ही-आम्ही. आपण छापील शाल हिमरू म्हणून घेत राहिलो, तर खऱ्या विणकरानं मागावर बसायचं कशाला?

शाल महाग वाटली तर स्टोल घ्या, उशीचा अभ्रा घ्या. लहान चालेल, खोटं नको.

येतो मग. भेटू पुढच्या भागात!