भीतीला कामाला लावू
(फैजपूरच्या मेळाव्यातील भाषण)



२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले. ऐकून आपण घाबरलो. पण केलं काय? तोंडाला रुमाल बांधला अन् निर्धास्त झालो. फवारून डोकं गरगरलं तरी "डॉक्टरनं काही भलतंच सांगितलं तर?" म्हणून घरीच पडून राहिलो.

बोंडअळीच्या भीतीनं आपण कामगंध सापळे लावतो. पतंग सापडला म्हणून सापळा उपटत नाही, पीक वाचवायला धावतो. मग स्वतःच्या जिवाला वेगळा न्याय का?

फवारताना वाऱ्याकडे पाठ ठेवू, हातमोजे घालू, नंतर साबणानं अंघोळ करू. मळमळलं, तर औषधाचा डबा घेऊन तडक दवाखाना गाठू. तपासणीनं रोग होत नाही, वेळेवर कळतो.