थांबवा, आणि वही उघडा

बी.एस्सी.च्या वर्गात सीमेची एप्सिलॉन-डेल्टावाली व्याख्या शिकवताना दरवर्षी एकच अनुभव यायचा. फळ्यावरची ओळ मुलं वहीत उतरवेपर्यंत तास संपायचा. काहींना ती त्या रात्री कळायची, काहींना महिन्याने. त्या महिन्याची वाट पाहायला वेळापत्रकात जागा नसते. म्हणून आपापल्या गतीने ऑनलाइन शिकण्याची सोय मला फार मोलाची वाटते.

एमआयटीच्या गिल्बर्ट स्ट्रँग यांची रेखीय बीजगणितावरची व्याख्यानं इंटरनेटवर फुकट आहेत. पहिल्याच तासाला ते दोन साधी समीकरणं घेतात: २क्ष – य = ० आणि –क्ष + २य = ३. आधी दोन रेषा काढून छेदनबिंदू दाखवतात, तसा आपण शाळेतही काढतो. मग तीच समीकरणं उभी वाचायला लावतात. (२, –१) हा एक स्तंभ, (–१, २) हा दुसरा. पहिला एकदा, दुसरा दोनदा घेऊन बेरीज करा, (०, ३) येतं. म्हणजे क्ष एक, य दोन.

इथे व्हिडिओ थांबवायचा. दोन्ही स्तंभ बाणांच्या रूपात आलेखाच्या कागदावर स्वतः काढायचे आणि बेरीज कुठे पोचते ते पाहायचं. त्याला अर्धा तास लागला तर लागू द्या.

माझी एक विद्यार्थिनी सगळी व्याख्यानं दुप्पट वेगाने बघायची. पाहताना सगळं पटायचं. कोऱ्या कागदावर साधी सिद्धता मात्र तिसऱ्या ओळीला अडायची. मग तिने एक नेम केला: प्रमेय वाचून झालं की व्हिडिओ बंद, आणि पुढच्या दोन ओळी आपल्या आपण लिहायच्या. चुकल्या तरी लिहायच्या. सत्र संपेपर्यंत तिची वही बोलू लागली.

आपल्याकडेही आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेने २००३ साली एनपीटीईएल हा ऑनलाइन व्याख्यानांचा उपक्रम सुरू केला, २०१७ मध्ये स्वयम् हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ आलं. लहान गावातल्या कॉलेजात जो विषय शिकवायला कुणी नाही, तोही आता मोबाइलवर मिळतो. एक उणीव राहते. सिद्धतेत कुठे घसरलात, हे व्हिडिओ सांगत नाही. त्यासाठी माणूस लागतो. तेव्हा मुलांनो, एक सोबती शोधा, आठवड्यातून एकदा एकमेकांच्या वह्या तपासा, आणि अडलेली ओळ घेऊन आपल्या सरांकडे, मॅडमकडे जा. शिक्षकांनो, अशी वही घेऊन कुणी दारात आलं, तर त्याला वेळ द्या.